सिलिकॉन पावडरला मीटर लावायच्या आधी हे वाचा

महिन्यातनं एक-दोन फोन तरी असे येतातच, की पावडर वाटीत काढली, मल्टिमीटरच्या दोन्ही पिना खुपसल्या आणि स्क्रीनवर नुसतं ओएल (रेझिस्टन्स मीटरच्या आवाक्याबाहेर), म्हणजे माल डुप्लिकेट पाठवला का? नाही हो.

सिलिकॉन धड धातू नाही, धड अधातू नाही, शुद्ध असेल तर त्यातनं करंट तसाही बेताचाच जातो. पण खरी गंमत कणाच्या अंगावर आहे. ताजा फुटलेला कण हवेत आला की त्याच्यावर सिलिकॉन डायऑक्साइडची, म्हणजे काचेच्या जातीची परत चढते, आपली आपणच, आम्ही काही कोटिंग मारत नाही. ती १-२ नॅनोमीटर झाली की साध्या तापमानाला वाढ जवळपास थांबते, कारण ऑक्सिजनला आत घुसायला वाटच राहत नाही. म्हणजे आत कोअर सेमीकंडक्टर (बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा, १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट), बाहेर शेल पक्का इन्सुलेटर (साधारण ९).

इतक्या पातळ परतीतनं थोडेफार इलेक्ट्रॉन टनेल होतात (अडथळ्यातनं आरपार निसटतात), पण सुट्या पावडरीत कण एकमेकांना टेकतात ते जेमतेम टिंबाएवढे, दर टेकणीला दोन परती, अशा हजारो टेकण्या ओलांडायच्या म्हटल्यावर मीटर हात वर करणारच. डायमध्ये (साच्यात) दाबून टिकली पाडा, रेझिस्टन्स उतरेल. एलसीआर मीटर (एसी करंटवर मोजणारा) असेल तर फ्रिक्वेन्सी वाढवत न्या, इम्पीडन्स (एसीला होणारा अडथळा) खाली येतो, कारण प्रत्येक टेकणी म्हणजे बारकासा कपॅसिटरच.

पावडर नॅनो (बारीक कणांची) घेऊ का मायक्रॉन (मोठ्या कणांची)? मोदकाची पारी तेवढीच जाड ठेवून मोदक बारका केला तर सारण किती मावणार? परत २ नॅनोमीटर धरली तर १० मायक्रॉनच्या कणात ती आकारमानाच्या ०.१२ टक्के, ५० नॅनोमीटरच्या कणात २२ टक्के. लिथियम बॅटरीत सिलिकॉन घालणाऱ्यांनी हे नीट बघा, ग्रॅमला ३,५७९ एमएएच चार्ज साठतो (ग्रॅफाइटला ३७२) हा आकडा नुसत्या सिलिकॉनचा आहे, ऑक्साइड पहिल्याच चार्जला लिथियम खाऊन बसतं. उलट मोठा कण लिथियम घेऊन फुगतो आणि तडकतो. त्यामुळे महाग तेच चांगलं असं नाही, विकणारे आम्हीच असलो तरी सांगतो.

पाण्यात स्लरी (पातळ लगदा) करणार असाल तर झाकण गच्च लावू नका, त्यात अल्कली असेल तर परत विरघळते, उघडं सिलिकॉन हायड्रोजन सोडतं आणि बाटली फुगते, जवळपास ठिणगी नको. आणि ही परत काढायला एचएफ (हायड्रोफ्लोरिक आम्ल) मागणाऱ्यांना आमचा सरळ नकार, ते कातडीतनं हाडापर्यंत जातं, शिवाय एवढं करून काढलेली परत हवेत पुन्हा चढतेच.