गोल डाय वेगळी, डाय-नट वेगळा

रोटाव्हेटरचा बोल्ट ठोकून काढला की टोकाचे आटे दबतात. त्यावर षटकोनी डाय-नट (आतून आटे कापणारे दात असलेला नट) चढवायचा, पाना लावून फिरवायचा, आटे साफ. जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही ट्रॅक्टर गॅरेजला हे सांगावं लागत नाही. घोळ पुढे होतो. हँडल लागत नाही म्हणून तोच डाय-नट कोऱ्या सळईवर चालवतात, आणि मग डायला नावं ठेवतात.

डाय-नट अखंड असतो. त्याचं माप कमी-जास्त होत नाही, त्यामुळे तो पहिल्याच फेरीत पूर्ण खोलीचा काप घेतो. पाना ओढतो एका बाजूने, आणि धरायला जुने आटे नाहीत. डाय तिरकी बसते, आटे फाटतात, बारीक सळई तर पिळून तुटते. कोऱ्या सळईवर आटे पाडायचं काम हँडलमध्ये बसणाऱ्या, एका जागी चिरलेल्या गोल डायचंच.

ती चीर मापासाठी आहे. डाय-हँडलचा मधला टोकदार स्क्रू चिरेत शिरून डाय उघडतो, बाजूचे दोन तिला मिटवतात. तिन्ही एकदम करकचून आवळायची सवय फार वाईट. डाय चिरेसमोर तडकते.

उदाहरणाला एम-10 (10 मिमी व्यासाचे आटे) घ्या, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर 1.5 मिमी. सळई 9.8 मिमीची, टोकाला कानशीने 45 अंशांचा उतार. डायची अक्षरांची बाजू सळईकडे, कारण सुरुवातीचे उतरते दात तिकडे असतात. बाजूचे स्क्रू ढिले, मधला आवळलेला: पहिली फेरी उथळच हवी. दोन आटे पडले की गुण्या लावून बघा. इथली तिरकी पुढे सुधारत नाही. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, म्हणजे कीस तुटतो. माइल्ड स्टीलला तेल, बिडाला कोरडं.

मग मधला सैल करून बाजूचे दोन्ही सारखे, थोडे थोडे आवळा आणि दुसरी फेरी घ्या. नट हाताने फिरला आणि डुगडुगला नाही की थांबा. घट्ट जात असेल तर डाय आणखी मिटवा. आट्यांवर कानस अजिबात नको.

डाय-नटलाही एक पथ्य आहे. जुन्या अवजारांवर अर्ध्या इंचाचे व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश इंची मापाचे) बोल्ट निघतात: इंचाला 12 आटे, म्हणजे पिच सुमारे 2.12 मिमी. एम-12 चा 1.75. अंदाजाने एम-12 चा डाय-नट चढवला तर धड आटेही कापले जातात. आधी पिच गेज (आट्यांचं अंतर तपासायची दातेरी पट्टी) लावा.