मॉयरे: कापडातून आलेली अडचण

पोर्ट्रेटसाठी कॅमेरा घेताना मेगापिक्सेल सगळेच मोजतात, सेन्सरपुढे लो-पास फिल्टर, म्हणजे अतिबारीक तपशील मऊ करणारी काच, आहे की नाही हे फार थोडे विचारतात. मग एक दिवस बारीक विणीच्या कोटावर हिरव्या-जांभळ्या लहरी उमटतात.

हा दोष म्हणजे मॉयरे. शब्द मुळात कापडाचाच. पाण्यासारखी लहरती झाक असलेल्या रेशमाला फ्रेंचमध्ये मॉयरे म्हणतात. दोन बारीक जाळ्या एकमेकींवर आल्या की तिसरीच नक्षी दिसते, हे लॉर्ड रेले यांनी १८७४ मध्येच नोंदवले होते. फिल्मवर हा त्रास नव्हता, कारण तिचे कण कसेही विखुरलेले असतात. सेन्सर मात्र स्वतःच पिक्सेलची एक जाळी.

त्यात रंगाची भर पडली. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये पेटंट मिळाले त्या रचनेत प्रत्येक पिक्सेल एकच रंग टिपतो: निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. उरलेले रंग अंदाजाने भरले जातात. धागा पिक्सेलएवढा बारीक झाला की हा अंदाज फसतो.

उपाय म्हणजे प्रकाश किंचित विस्कटणारा तो लो-पास फिल्टर. पण तो पापण्यांची धारही बोथट करतो, म्हणून मीडियम फॉरमॅट, म्हणजे मोठ्या सेन्सरचे, कॅमेरे बनवणाऱ्यांनी आणि २००६ च्या लायका एम८ कॅमेऱ्याने तो लावलाच नाही. २०१२ मध्ये निकॉनने ३६ मेगापिक्सेलची जुळी भावंडे काढली: डी८००, आणि फिल्टरचा परिणाम पुसून टाकणारा डी८००ई. निवड ग्राहकाची! मला हा सगळ्यात प्रामाणिक टप्पा वाटतो, कारण २०१४ च्या डी८१० मध्ये फिल्टरही गेला आणि निवडही. फुजीने रंगांची मांडणीच बदलली. पेंटॅक्स के-३ ने तर फिल्टरऐवजी शटर उघडे असताना सेन्सरच सूक्ष्म थरथरवला. कल्पकतेला दाद द्यावी अशी युक्ती.

पिक्सेल वाढले तसा त्रास कमी झाला, संपला नाही. जवळून लहरींतून सुटलेली वीण चार पावले मागे गेल्यावर पुन्हा लहरींत अडकते. लेन्सचे छिद्र एफ/१६ इतके बारीक केले की प्रकाश पसरून लहरी विरतात, पण पार्श्वभूमीचा हवाहवासा धूसरपणाही जातो. फोटो सुधारण्याच्या लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये २०१२ पासून मॉयरेसाठी ब्रश आहे. तो खोटा रंग बऱ्यापैकी पुसतो, उजेड-सावलीच्या लाटा मात्र कोटावर तशाच राहतात.