दत्तक बाळ आणि आईचा पान्हा

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका स्तनपान सल्ला केंद्रात काही महिन्यांपूर्वी एक जोडपे आले होते. दत्तकासाठी नाव नोंदवून त्यांना बराच काळ लोटला होता आणि आता बाळ घरी येण्याचे दिवस जवळ आले होते. बाळाला अंगावर पाजता येईल का, एवढेच सुनेला विचारायचे होते, पण तिच्याआधी सिडकोहून सोबत आलेल्या सासूबाईच म्हणाल्या, "अहो डॉक्टर, हिला दिवस गेलेले नाहीत, मग दूध येणार कुठून?" प्रश्न भाबडा वाटला तरी शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो अगदी नेमका आहे.

गरोदरपणात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि वारेतून पाझरणारी संप्रेरके स्तनांतील दुधाच्या ग्रंथींची वाढ घडवून आणतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे दूध तयार करवणारे संप्रेरकही याच काळात अनेकपटींनी वाढते, मात्र प्रोजेस्टेरॉन त्याला मोकळीक देत नाही. वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते आणि दोन-तीन दिवसांत दूध भरून येते. गरोदरपणाचा वाटा मुख्यतः इथवरचा आहे. पुढे दूध किती येईल हे बऱ्याच अंशी स्तन किती वेळा आणि किती पूर्ण रिकामे होतात यावर ठरते. हा हिशोब प्रत्येक स्तनाचा स्वतंत्र असतो, म्हणूनच बाळ एकाच बाजूला जास्त पीत असेल तर त्याच बाजूचे दूध वाढते. बाळाच्या चोखण्याने स्तनाग्रातील नसांमार्फत मेंदूला संदेश जातो आणि प्रोलॅक्टिन स्रवते. ही वाट प्रसूती न झालेल्या स्त्रीच्या शरीरातही असते. दत्तक आईला दूध येऊ शकते ते या वाटेने. गरोदरपणात व्हायची ग्रंथींची वाढ तिच्या बाबतीत बरीचशी चोखण्यामुळे, आणि काही वेळा औषधांमुळे, थोडीफार भरून निघते.

'पान्हा' हा आपला शब्द इथे कामाला येतो, फक्त त्याची थोडी फोड करावी लागते. दूध तयार होणे ही एक क्रिया आणि ते वाहते होणे ही दुसरी. ही दुसरी क्रिया ऑक्सिटोसिन हे संप्रेरक घडवते. ते ग्रंथींभोवतीच्या स्नायुपेशींना आकुंचित करून दूध पुढे ढकलते, आणि ते केवळ स्पर्शानेच नव्हे, तर बाळाच्या रडण्याने किंवा नुसत्या आठवणीनेही स्रवू शकते. निफाड-सिन्नरकडच्या ज्या घरांत गाय आहे, तिथे हे वेगळे सांगावे लागत नाही: आधी वासरू सोडायचे, गाय पान्हावली की धार काढायची. नवखा माणूस धारेला बसला की गाय पान्हा चोरते, तसाच भीती, वेदना आणि ताण यांनी बाईचाही पान्हा अडतो. सुनेला दूध येते की नाही हे पाहायला सगळे घर भोवती उभे असेल, तर ते येण्याची शक्यता कमीच होते.

सल्लागार बाईंनी त्या दिवशी कापडी बाहुलीवर जे दाखवले ते पाहण्यासारखे होते. पाच नंबरची बारीक आहारनळी घ्यायची, तिचे एक टोक स्तनाग्रालगत कागदी चिकटपट्टीने बसवायचे आणि दुसरे टोक वाटीतल्या दुधात बुडवायचे. बाळ स्तनाग्र आणि नळी दोन्ही एकदम तोंडात घेते, ओढते, आणि वाटीतले दूध त्याला मिळू लागते. वाटी वर धरली की दूध भरभर येते, खाली घेतली की ओढायला कष्ट पडतात, त्यामुळे वाटी धरणाऱ्याला, म्हणजे बहुधा बाबांना, लक्ष ठेवून बसावे लागते. बाळाचे पोट भरते, त्याला स्तनाशी दूध मिळते हे कळते आणि त्याच वेळी आईच्या शरीराला चोखण्याचा संदेश पोहोचतो. हे दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा करायचे. रात्रीच्या पाळ्या विशेष महत्त्वाच्या, कारण प्रोलॅक्टिनची पातळी रात्री चढी असते. बाळ यायच्या आधीचे काही आठवडे हेच काम हाताने किंवा पंपाने करता येते. पहिले थेंब दिसायला काही दिवस लागतात, कुणाला काही आठवडे. बाटलीची सवय मात्र लावू नये. वरचे दूध द्यायचे ते वाटी-चमच्याने, नाहीतर आजीच्या काळच्या बोंडल्याने, ते रोज उकळून घेणार असाल तर.

औषधांबद्दल थोडक्यात. डोम्पेरिडोन डोपामिनला अडवते. डोपामिन हा प्रोलॅक्टिनचा लगाम असल्याने तो सैल होऊन प्रोलॅक्टिन वाढते. परंतु या औषधाने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणणे धोक्याचे आहे. शतावरी, मेथी, अळिवाचे लाडू यांचा पुरावा तोकडा आहे. लाडू खायला हरकत नाही, पण चोखण्याची जागा ते घेत नाहीत.

आपल्याकडे खरी अडचण बाळाच्या वयाची आहे. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार मूल स्वाधीन करणाऱ्या आईवडिलांना फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात, आणि त्यानंतरच ते मूल दत्तकासाठी मोकळे होते. पुढची कागदपत्रे, वैद्यकीय तपासण्या आणि 'कारा'ची, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाची, प्रक्रिया धरली तर बाळ घरी येईपर्यंत सहसा तीन महिन्यांच्या पुढे गेलेले असते. दोन-तीन महिन्यांच्या आतले बाळ स्तन सहज धरते. बाटलीला सरावलेले चार-पाच महिन्यांचे बाळ पाठ ताठ करून तोंड फिरवते. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक मातेला १२ आठवड्यांची रजा दिली, पण तेव्हा तीही बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल तरच मिळणार होती. ही अट ज्याने घातली त्याने दत्तकाचे वेळापत्रक पाहिले नसावे.

मग दुग्धपेढीतून दूध आणावे का, असे अनेकजण विचारतात. देशातील पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली. अशा पेढ्यांत दात्या मातांची एचआयव्ही, कावीळ बी, सिफिलिस यांसाठी तपासणी होते आणि दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवले जाते. तेथील दूध आधी अपुऱ्या दिवसांच्या व आजारी नवजात बाळांना दिले जाते, आणि ते विकत मिळत नाही. शेजारणीचे किंवा ओळखीतल्या कुणाचे न तपासलेले दूध घेणे मात्र टाळावे.

बहुतेक दत्तक मातांना बाळाची सगळी गरज भागेल इतके दूध येत नाही, आणि प्रसूतीनंतरचा चीकही सहसा नसतो. म्हणून वाटीतले दूध स्वतःहून कमी करायचे नाही. बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करते आहे आणि दर आठवड्याला वजन वाढते आहे, हे पाहून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ते थोडे थोडे उतरवायचे. सहा महिने पूर्ण झाल्यावर उष्टावण होते, नाचणीचे सत्त्व आणि मऊ वरणभात सुरू होतो, वाटीतल्या दुधाचा भार हलका होतो आणि अनेक घरांत नळी तेव्हाच सुटते. अंगावरचे दूध मात्र बाळ आणि आई दोघांना हवे तोवर, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही, चालू ठेवता येते.