जपानी समाजातील स्त्रीचे बदलते स्थान

जपानमध्ये स्त्रीचे सामाजिक स्थान काळाबरोबर सतत उंचावत गेले, असे दिसत नाही. प्राचीन काळी उच्चकुलीन स्त्रीकडे असलेले काही हक्क मध्ययुगात क्षीण झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, देश आधुनिक होत असतानाच, कायद्याने काढून घेतले गेले.

तिसऱ्या शतकातील यामाताई राज्याची राणी हिमिको हिचे वर्णन चिनी इतिवृत्तात आढळते. ५९२ मध्ये सुइको सम्राज्ञी झाली. तेव्हापासून अठराव्या शतकापर्यंत आठ स्त्रिया राजगादीवर बसल्या. हेइआन काळात (७९४–११८५) सरदार घराण्यांतील मुलींना संपत्तीचा वारसा मिळे आणि विवाहानंतरही पत्नी बहुधा माहेरीच राहून पती तिच्याकडे ये-जा करी. याच दरबारी वातावरणात मुरासाकी शिकिबू हिने काना या जपानी ध्वनिलिपीत गेंजीची कथा लिहिली. त्यानंतरच्या कामाकुरा काळातही स्त्रियांना जमिनीचे अधिकार मिळत. शोगुन (लष्करी शासक) योरितोमो याच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी होजो मासाको हिच्या हाती मोठी सत्ता होती. पुढे जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून सामुराई घराणी सारा वारसा एकाच मुलाकडे सोपवू लागली आणि मुलींचा वाटा संपला.

एदो काळात (१६०३–१८६८) पिता, पती व पुत्र यांची आज्ञा पाळावी, ही कन्फ्यूशियन शिकवण सामुराई कुटुंबांत दृढ झाली. शेतकरी व व्यापारी स्त्रिया मात्र शेतात आणि दुकानात पुरुषांच्या बरोबरीने राबत होत्या. घटस्फोटपत्र पतीच लिहून देई. ते न मिळालेल्या स्त्रीला कामाकुरातील तोकेइजीसारख्या मठात काही वर्षे राहून सुटका करून घेता येई.

एदो काळानंतर आलेल्या सम्राट मेइजीच्या राजवटीने १८७२ मध्ये मुलामुलींसाठी प्राथमिक शिक्षणाची योजना आखली. त्याआधी १८७१ मध्ये पाच मुली शिक्षणासाठी अमेरिकेला पाठविल्या गेल्या होत्या. त्यांतील सर्वांत लहान त्सुदा उमेको हिने १९०० मध्ये तोक्योत स्त्रियांसाठी उच्च शिक्षणाची संस्था काढली. देशाला परकीय चलन मिळवून देणारा रेशीमधंदा तर गिरण्यांतील तरुण मुलींच्या श्रमावरच उभा होता. तरीही १८८९ च्या राजघराण्याच्या कायद्याने स्त्रियांना गादीचा मार्ग बंद केला आणि १८९८ च्या नागरी संहितेने सर्वाधिकार कुटुंबप्रमुखाला दिले. पत्नीला महत्त्वाचे आर्थिक व्यवहार पतीच्या संमतीवाचून करता येईनासे झाले. ‘उत्तम पत्नी, सुज्ञ माता’ हे मुलींच्या शिक्षणाचे ध्येय ठरले. त्याविरुद्ध १९११ मध्ये हिरात्सुका राइचो हिने ‘सेइतो’ हे मासिक सुरू केले, तर इचिकावा फुसाए हिने मताधिकारासाठी दीर्घ लढा दिला. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या जपान महिला विद्यापीठाची माहिती वाचूनच धोंडो केशव कर्वे यांना पुण्यात १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढण्याची प्रेरणा मिळाली, हा महाराष्ट्राशी असलेला धागा येथे नोंदविला पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर, अमेरिकी अंमलाखाली, डिसेंबर १९४५ मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला आणि एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत ३९ स्त्रिया संसदेत गेल्या. १९४७ च्या संविधानातील २४ व्या कलमाने विवाह उभयतांच्या संमतीवर व समान हक्कांवर आधारला. त्याच्या मसुद्यात अमेरिकी प्रशासनात काम करणाऱ्या २२ वर्षांच्या बेआते सिरोता हिचा मोठा वाटा होता. कुटुंबप्रमुखाची सत्ताही रद्द झाली. पण आर्थिक भरभराटीच्या दशकांत ‘पती कंपनीत, पत्नी घरी’ ही नवी घडी बसली आणि करव्यवस्थेने तिला आधार दिला : १९६१ पासून अल्प उत्पन्न असलेल्या पत्नीमागे पतीला करसवलत मिळू लागली. परिणामी अनेक विवाहित स्त्रिया आजही सवलतींची मर्यादा ओलांडू नये म्हणून कामाचे तास मुद्दाम कमी ठेवतात. १९८५ च्या समान रोजगारसंधी कायद्याने दारे उघडली, परंतु प्रारंभी नोकरभरती व बढतीतील समानतेसाठी मालकांनी ‘प्रयत्न करावा’ एवढेच त्यात म्हटले होते. भेदभावावर स्पष्ट बंदी १९९७ च्या दुरुस्तीने आली.

विवाहानंतर पतिपत्नींनी एकच आडनाव लावावे, हे बंधन अजून कायम आहे. कायदा कोणाचे आडनाव ते सांगत नाही, पण सुमारे ९५ टक्के जोडप्यांत पत्नीच ते बदलते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ व २०२१ मध्ये ही तरतूद वैध ठरविली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्या स्त्री पंतप्रधान झालेल्या ताकाइची सानाए यांचाही पतिपत्नींना वेगवेगळी आडनावे लावू देण्यास विरोध राहिला आहे.