बड्या पगारांवरचा कर: भरतं कोण आणि पैसा जातो कुठे?

अमेरिकेत हॉस्पिटलच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या गलेलठ्ठ पगारांवर कर लावा आणि तो पैसा गरजूंच्या उपचारांना द्या, ही मागणी मला रास्त वाटते. पण ‘असा कर तर आहेच की’ असं कुणी म्हटलं, तर विचारायला हवं, कोणता? कारण तिथे दोन कर आहेत आणि त्यांची सर्रास गल्लत होते.

पहिला २०१७ च्या करकायद्यातला. हॉस्पिटलसह कोणत्याही ना-नफा संस्थेने वर्षाला १० लाख डॉलरच्या वर पगार दिला, तर वरच्या रकमेवर २१ टक्के कर. आधी तो सर्वाधिक पगाराच्या पाच जणांभोवती फिरायचा. २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून पाचांची ही चौकट काढली. डॉक्टरला रुग्णसेवेसाठी मिळणारे पैसे यात धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मात्र हा कर अधिकारी भरत नाही, संस्था भरते. सीईओचा पगार ३० लाख डॉलर असेल, तर वरच्या २० लाखांवर ४ लाख २० हजार डॉलर हॉस्पिटलच्या खात्यातून जातात. त्याच्या हातातल्या पगारातून या कराचा एक डॉलरही कापला जात नाही. नर्सचे पगार आणि सवलतीचे उपचार ज्या पैशातून भागवायचे, त्यातूनच हा कर भरला जातो. पुढे ही रक्कम पोहोचते केंद्र सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत. उपचारांसाठी ती राखून ठेवलेली नसते. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं.

दुसरा म्हणजे जादा मेडिकेअर कर (मेडिकेअर म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा), २०१० च्या आरोग्य कायद्यातला, २०१३ पासून लागू. नोकरी कुठलीही असो, एकट्या व्यक्तीच्या २ लाख डॉलरवरच्या कमाईवर ०.९ टक्के. हा मात्र नोकरदाराच्याच खिशातून जातो, मालकाचा त्यात वाटा नसतो. तोच सीईओ अविवाहित असेल तर २५ हजार २०० डॉलर भरेल. रक्कम त्यामानाने किरकोळ, पण ती मेडिकेअरच्या हॉस्पिटल विमा निधीत पडते. अर्थात मेडिकेअर मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठी. विमा नसलेल्या तरुण मजुराला त्याचा उपयोग नाही.

म्हणून नव्या कराचा मसुदा आला, की दर किती यापेक्षा आधी दोन कलमं वाचावीत: कर पगार घेणाऱ्याकडून वसूल होणार का, आणि विमा नसलेल्यांच्या उपचारांसाठी वेगळा निधी कायद्यातच नमूद आहे का.