किशोर अद्भुतकादंबरी : सुप्त शक्तीची नायिका

साधारण बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या अद्भुतकादंबरीचा एक लोकप्रिय प्रकार. चारचौघींसारखी वाटणारी मुलगी आपल्या अंगात किंवा आपल्या गावात दडलेली जादू ओळखते, ती वापरायला शिकते आणि तिची किंमत मोजते, हा त्याचा गाभा. जादू जाणवू लागते ती बहुधा वयात येण्याच्या सुमारास. घरातली मोठी माणसे काहीतरी लपवत असतात, आणि मुलीला आजवर ‘तुला काय कळतंय’ म्हणून गप्प बसवलेले असते. तिला कळत होते तेच खरे निघते, यात या कादंबऱ्यांचा प्राण आहे. मंतरलेल्या तलवारी आणि उडते घोडे त्यापुढे दुय्यम.

मराठी कादंबरी सुरुवातीच्या काळात अद्भुताच्या संगतीत वाढली. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांच्या शीर्षकांतच नायिका आहेत. मात्र कथानक त्यांच्या प्रेमाभोवती आणि संकटांभोवती फिरते; स्वतःतली शक्ती ओळखणे हा त्यांचा विषय नाही. पुढे ‘चांदोबा’ने राक्षस-वेताळ घरोघरी नेले आणि १९७१ पासून बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाने या वयाच्या वाचकाला हक्काचे पान दिले.

या प्रकाराची खरी मराठी मुळे मात्र श्रावणातल्या कहाण्यांत आहेत. आदित्यराणूबाईच्या कहाणीत गरीब ब्राह्मणाला रानात नागकन्या-देवकन्या वसा वसताना दिसतात. तो वसा मागतो, तेव्हा त्या आधी बजावतात : “उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील.” पुढे त्याच्या दोन मुलींपैकी राजाघरी दिलेलीला कहाणी ऐकायला सवड नसते आणि तिचे वैभव जाते, प्रधानाघरी दिलेली मन लावून ऐकते आणि तिचे घर भरते. शक्ती मिळते ती अटीसह, आणि अट मोडली की जाते. आजच्या अद्भुतकादंबरीला लागणारी नियमांची चौकट इथे आयती आहे. नायिका अडली की नवी शक्ती फुटते आणि प्रसंग निभावतो, असे ज्या कादंबरीत घडते तिथे वाचकाची धडधड संपते. कहाणी सांगणाऱ्या आज्यांना हे पक्के ठाऊक होते.

नाशिक ही अशा कथेसाठी अस्सल भूमी आहे, कारण इथे पाणीच लपाछपी खेळते. गोदावरी ब्रह्मगिरीवर प्रकटते, पुन्हा दिसेनाशी होते, गंगाद्वारी दिसते आणि अखेर गौतम ऋषींनी कुश टाकून तिला कुशावर्तात अडवले, अशी कथा आहे. शहरातही तेच. रामकुंड परिसरात नदीपात्रातली जुनी कुंडे काँक्रीटच्या तळाखाली गेली आणि त्यांचे जिवंत झरे दबले. काँक्रीट काढून ते मोकळे करावेत, अशी मागणी गोदाप्रेमी नाशिककर सातत्याने करत आले आहेत. दडलेल्या शक्तीचे याहून खरे रूप कोणत्याही लेखकाला कल्पून सुचणार नाही.

पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पुराची मोजणी त्याच्या अंगावर होते : पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. समजा, पंचवटीतल्या जुन्या वाड्यात राहणारी नववीतली मुलगी रात्री उठून म्हणते, “आजी, उद्या पाणी मारुतीच्या छातीला लागणार.” आजी विचारते, “कुणी सांगितलं गं तुला?” आणि मुलगी जमिनीकडे बोट दाखवते. फरशीखालचा झरा तिच्याशी बोलतो. मात्र जितके ती ऐकेल, तितके तिला माणसांचे बोलणे अंधुक ऐकू येऊ लागेल. या एका अटीने सबंध कादंबरी तोलून धरली जाते, कारण शहर वाचवायचे तर आजीचा आवाज गमवावा लागणार.

पांडवलेण्यांतही अशीच सामग्री आहे. तिथल्या तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. एका स्त्रीने आपल्या नावाने कोरवलेली अक्षरे जवळजवळ दोन हजार वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत, तरी ती वाचता येणारे थोडे. वणीच्या गडावर २०२२ मध्ये शेंदराचे थर उतरवल्यावर सप्तशृंगीचे मूळ स्वरूप दिसू लागले, तीही याच जातीची घटना.

या प्रकारातला एक धोका मराठी लेखकाने विशेष जपून हाताळायला हवा. शक्ती केवळ थोर कुळाच्या रक्तातून आली असे दाखवले, तर आपल्याकडे ती जातीच्या अहंकाराला खतपाणी घालते. झऱ्याने कुणाच्याही मुलीला हाक मारावी. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. उत्तर महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात आजही बाईला डाकीण ठरवून मारहाण केल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना घडतात. अशा छळाविरुद्ध २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. म्हणजे इथल्या नायिकेची जादू उघडी पडली, तर तिची गाठ आधी शेजाऱ्यांशी आणि भगताशी, म्हणजे गावच्या मांत्रिकाशी पडेल, अद्भुतकथेतल्या एखाद्या काळ्या सम्राटाशी नंतर. हा भाग टाळून केलेली जादू गोड वाटते, पण पोकळ राहते. जिथे तो येतो तिथे नायिकेची मैत्रीण, तिची शाळेतली बाई, तिच्या बाजूने उभा राहणारा एखादा पोलीस पाटील यांना जादूइतकेच महत्त्व मिळते.

वाचक घडवण्याची व्यवस्था शहरात जुनी आहे. सार्वजनिक वाचनालय, म्हणजे नाशिककरांचे सावाना, १८४० चे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या २००९ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांत फिरतात. २०२१ मध्ये इथे झालेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद विज्ञानकथाकार जयंत नारळीकर यांच्याकडे होते. कल्पिताला मुख्य मांडवात मिळालेले हे स्थान किशोरांसाठी लिहिणाऱ्यांनाही बळ देणारे आहे.