मायक्रॉनची मर्यादा आणि गोव्याचा किनारा

अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणासाठी गोव्याने १९९६ साली कायदा केला, तेव्हा मुख्य चिंता तुंबणारी गटारे आणि उघड्यावरचे ढीग यांची होती. समुद्राचा विचार दुय्यमच होता, असे म्हणावे लागेल. त्याआधीची फणसाच्या पानांचे द्रोण आणि कापडी पिशवी ही व्यवस्था पर्यटन वाढत गेले तशी मागे पडली.

पुढची अडीच दशके मात्र पिशवीच्या जाडीच्या वादात गेली. देशपातळीवर १९९९ च्या नियमांनी किमान जाडी २० मायक्रॉन ठरवली; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ती २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० झाली. पिशवी जाड झाली की महाग होते, दुकानदार ती फुकट देत नाही आणि कचरावेचकांना ती उचलणे परवडते, असा त्यामागचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता, पण तो कचरा गोळा करण्याचा होता. गोळा न होता मांडवी नदीतून समुद्रात गेलेली १२० मायक्रॉनची पिशवी तितक्याच आकाराच्या ५० मायक्रॉनच्या पिशवीपेक्षा दुपटीहून अधिक प्लास्टिक सोबत नेते. शिवाय म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ही जाडी मोजायची कोणी आणि कशाने, हा प्रश्न प्रत्येक दुरुस्तीनंतर तसाच राहिला.

१ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ, चमचे, पेले, ताटल्या अशा एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आली. किनाऱ्यावर खाण्यापिण्याचे तात्पुरते मंडप चालवणाऱ्या शॅकवाल्यांना कागदी स्ट्रॉकडे वळावे लागले. वेफर्सची बहुस्तरीय पाकिटे, दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या मात्र बंदीबाहेर राहिल्या. त्यांच्यासाठी उत्पादकांवर कचरा परत घेण्याची जबाबदारी टाकण्यात आली आहे. कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांनाही सूट मिळाली, परंतु त्यांतील बऱ्याच पिशव्यांना कुजण्यासाठी लागणारी उष्णता समुद्राच्या पाण्यात मिळत नाही.

किनाऱ्यावरच्या प्लास्टिकचा काही भाग तर गोव्यात वापरलाच गेलेला नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात प्रवाहांबरोबर येथे येऊन पडणाऱ्या, प्लास्टिकच्या वस्तू बनवण्यासाठी कच्चा माल म्हणून वापरल्या जाणाऱ्या बारीक गोळ्यांची नोंद संशोधकांनी केली आहे. त्यांवर राज्याचा कायदा चालत नाही. प्लास्टिक प्रदूषणावरील जागतिक करारासाठी मार्च २०२२ मध्ये ठराव झाला. डिसेंबर २०२४ मध्ये बुसान येथे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा येथे मात्र वाटाघाटी सहमतीविना संपल्या, कारण उत्पादनावरच मर्यादा घालावी की केवळ कचऱ्याची व्यवस्था लावावी यावर देशांचे एकमत झाले नाही.